मोहीच्या डाव्या हातातला विरूपाक्ष

लातुरात बारावीची परीक्षा जवळ आली की वरातीसुद्धा चवड्यांवर चालतात. नवरदेव घोड्यावर, पुढं बँडवाले, आणि बँडवाल्यांच्या तोंडाला कर्णे असून फुंकर नाही, कारण दोन्ही बाजूंच्या माड्यांवर पोरं फिजिक्स घोकत बसलेली. कोणी चुकून ढोलावर टिपरू टाकलं की वरच्या खिडकीतून एखादी बाई ओरडणार, "आवो, लेकराचा पेपर हाय उद्या, काही लाजबीज?" ही बाई हिमायतनगरहून नाहीतर जळकोटहून पोरासाठी इथं खोली करून राहिलेली असते. घरदार, म्हशी, नवरा सगळं मागं टाकून आलेली. तिच्यापुढं नवरदेवाची काय टाप आहे?

अशा गावात मोहियोद्दीन नावाचा एक माणूस घरात कीबोर्ड वाजवायचा, तोही आवाज बारीक करून. गल्लीत त्याला सगळे मोही म्हणत. पोटापाण्याला तो मेहुण्याच्या दुकानात पाण्याच्या मोटारी भरून द्यायचा. जळालेल्या मोटारीची तांब्याची तार काढायची, नवी गुंडाळायची. दुपारनंतर घरी यायचं, हात साबणानं घासून धुवायचे, कीबोर्डवरची चादर काढायची, आणि बसायचं. गल्लीतले म्हणायचे, येडं आहे. येडं नव्हतं हो. त्याला भेटायला कोणीतरी यायचं, एवढंच.

मोहीचं घराणं बँडवाल्यांचं. आजा क्लॅरिनेट, बाप ट्रंपेट, चुलता ढोल. नवरदेव कुठल्याही जातीचा असो, गंजगोलाईच्या बाजाराच्या आसपासच्या चार पिढ्यांना मांडवापर्यंत यांनीच पोचवलं. मोहीनं ऐन विशीत कॅसिओ घेतला तेव्हा बापानं त्याच्याशी बोलणं टाकलं. "फुंकायला छाती लागती, बटनं दाबायला काय लागतंय?" असं बापाचं म्हणणं. पण जमाना ऑर्केस्ट्राचा आला होता. गणपती, लग्न, बारसं, पुढाऱ्याचा वाढदिवस, जिथं तिथं ऑर्केस्ट्रा. आणि बापानं बोलणं टाकलं तरी विरूपाक्षनं जोडी धरली होती, मग मोहीला बापाची काय फिकीर!

विरूपाक्ष तेरणेकाठच्या एका गावचा. त्या गावाचं नाव मोही पुढं कधीच तोंडानं घेत नसे, तर आपणही घ्यायला नको. घर लिंगायताचं, शेत बऱ्यापैकी, पण याचा जीव सगळा ढोलकीत. सडपातळ पोरगा, बोलायला मुलखाचा कंजूष. काहीही विचारा, "हां, हां" म्हणून हसायचा. कार्यक्रमाला मोहीच्या डाव्या हाताला बसायचा, आणि पहिल्या थापेपासून शेवटच्या थापेपर्यंत नजर मोहीच्या डाव्या हातावर. पार्टीतले चेष्टा करायचे, "अरे, नवी नवरी बी नवऱ्याकडं इतकं बघत नसंल!" तो यावरही "हां, हां" म्हणायचा.

त्याच्या ठेक्याची एक खोड होती. सगळे ढोलकीवाले समेवर धाडकन उतरतात. हा उतरायच्या आधी तिळभर थांबायचा. थांबायचा, बघायचा, मग थाप टाकायचा. नवा गाणारा पहिल्या दिवशी हमखास अडखळायचा आणि चिडायचा, "आवो, हा मागं पडून राहिला ना!" पण दोन कार्यक्रम झाले की त्याच गाणाऱ्याला दुसऱ्या कोणाची ढोलकी गोड लागायची नाही. त्या तिळभर थांबण्यात ऐकणाऱ्याचा श्वास अडकायचा आणि थापेबरोबर सुटायचा. मोहीला तर त्याची चटक लागली होती. तो मुद्दाम डावा हात जरा रेंगाळत ठेवायचा, आणि विरूपाक्षही तितकाच रेंगाळायचा. दोघांचा हा खेळ लोकांना कळायचा नाही, पण आवडायचा.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी त्या गावातच विसर्जनाची मिरवणूक होती. मोही रंगात आला होता. लोक घरी जायला निघाले तरी हा म्हणतोय, "अजून एक फेरी, विरूपाक्ष, अजून एकच!" तो एकच म्हणता म्हणता किती फेऱ्या झाल्या देव जाणे. मग मोही सामान टेम्पोत टाकून लातूरला आला आणि विरूपाक्ष घरी जाऊन झोपला. पहाटे जमीन हलली. दुपारी मोही त्या गावात उभा होता आणि त्याला गल्ली सापडत नव्हती, कारण गल्ली उरलीच नव्हती. विरूपाक्ष गेला, त्याची बायको गेली. त्याची आई गुणाबाई आणि तान्ही पोर सिंधु, दोघी अंगणात होत्या म्हणून वाचल्या. दगडांच्या ढिगाजवळ कोणीतरी हळहळत म्हणालं, "वाजवून वाजवून दमला व्हता बिचारा. मेल्यावानी झोपला, उठलाच न्हाई." बोलणारा पुढं गेला. मोही तिथंच राहिला म्हणा, आयुष्यभर. हे वाक्य त्यानं कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

पुढं त्यानं दुसऱ्या ढोलकीवाल्यांबरोबर वाजवून बघितलं. चांगले होते बिचारे, वेळेवर यायचे. तेच तर नडायचं. मोहीचा हात समेपाशी सवयीनं रेंगाळायचा आणि तोवर थाप पडून गेलेली असायची. घरी कोणाची वाट बघत दार उघडं ठेवावं आणि कोणी येऊच नये, तसं व्हायचं प्रत्येक आवर्तनाला. एका लग्नात भर कार्यक्रमात तो उठला, कॅसिओ तिथंच ठेवून घरी आला, आणि दुसऱ्या दिवसापासून मोटारी भरायला लागला. कितीतरी वर्षं त्यानं बोटसुद्धा लावलं नाही वाद्याला.

मग नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं धंदा मोडला आणि त्याचा मोठा कीबोर्ड विकायला निघाला. हा कीबोर्ड वेगळा. डाव्या हातानं कॉर्ड दाबली की ठेका आपोआप सुरू होणार, कॉर्ड बदलली की साथ बदलणार, हात उचलला की बंद. असले कीबोर्ड बरेच होते, पण यात एक गोष्ट जास्तीची होती: तुमचा स्वतःचा ठेका तुम्ही त्यात भरू शकत होता. एका पट्टीवर धा, दुसरीवर ना, तिसरीवर नुसती चाट, असं बोटांनी एकेक वाजवून. मोहीनं हे ऐकलं आणि त्याच आठवड्यात नांदेड गाठलं. येताना एसटीत कीबोर्ड मांडीवर आडवा. लोह्याला सगळे चहाला उतरले, हा उतरला नाही. शेजारचा म्हणाला, "आहो, ठेवा की शीटवर, कोण पळवतंय?" यानं ऐकलं नाही.

त्यानंतर त्याच्या घरात ठकठक सुरू झाली. बोटांनी ठेका भरायचा, ऐकायचा, तोंड वाकडं करायचं, पुसायचा, परत भरायचा. समेचं ते थांबणं काही जमेना. जास्त झालं की ठेका लंगडा, कमी झालं की दुसऱ्याच कोणाचा. आणि एके दिवशी जमलं. मोहीला कळायच्या आधी त्याच्या बायकोला कळलं. फरीदा स्वयंपाकघरात रोट्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. ती आतूनच सहज बोलून गेली, "सुनो, विरूपाक्षभाई आए क्या?"

आणि मग बोलल्याचं कळून तिनं पिठाचा हात तोंडावर ठेवला.

तेव्हापासून त्या घरात तीन माणसं राहायला लागली. फरीदा भांडली, भांडायचा तिला हक्कच होता. "गेलेल्या माणसाला रोज रोज हाक मारू नये. त्याला तिकडं बसायला जागा सापडत नाही," असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. मोही ऐकून घ्यायचा आणि दुपारी परत बसायचा. शेवटी फरीदानं दिवेलागणीच्या आत बंद करायची अट घातली. पण कीबोर्ड चालू असताना त्या खोलीतून जायची वेळ आली की ती डोक्यावरचा दुपट्टा पुढं ओढून घ्यायची, परक्या पुरुषासमोरून जाताना घेतात तसा. मोहीच्या डाव्या बाजूला कोणी पाहुणा बसला तर मोही त्याला म्हणायचा, "जरा इकडं सरका." का, ते सांगायचा नाही. पाहुणा सरकायचा आणि त्या रिकाम्या जागेकडं बघत बसायचा.

एवढं सगळं सुखाचं म्हणायचं का? मोही म्हणाला असता, हो. डावा हात ठेवला की विरूपाक्ष सुरू, उचलला की गप्प. फक्त एक गोष्ट त्याला खटकायची आणि तो ती मनावर घेत नसे. हल्ली हा कधी रेंगाळत नसे. मोहीनं हात मुद्दाम मागं ठेवला तरी ठेका आपल्या वेळेवर थांबायचा आणि आपल्या वेळेवर पडायचा. मोही मनाशी म्हणायचा, रागावलाय. त्या फेऱ्यांचा राग आहे, जाईल हळूहळू.

आणि कीबोर्ड आजारी पडला. चालू करावा तर विरूपाक्षच्या ठेक्याची जागा रिकामी. बंद करून परत चालू केला की ठेका जागेवर. परवा होता, काल नव्हता, आज आहे. मोहीनं परत नांदेडची एसटी धरली. तिथल्या मिस्तरीनं कीबोर्ड उघडून बघितला आणि झाकण लावून टाकलं. "भाई, ह्याची याददाश्त चालली. पार्ट आता मिळत न्हाई. आत काय जपायचं असंल तर कम्प्युटरमधी घ्या लवकर, न्हाईतर गेलं समजा."  एकाच माणसाला दोनदा पुरायचं म्हणजे काय, याचा विचार तो परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून करत आला.

कम्प्युटर म्हटल्यावर भाचा अजहर आठवला. अजहर एका मोठ्या क्लासच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत कामाला होता. सर फळ्यावर शिकवायचे, हा ते कम्प्युटरमध्ये भरून सीडी करायचा. संगीतातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण वायरी कळत होत्या. सुट्टी रविवारचीच, म्हणून तो रविवारी स्वतःचा कम्प्युटर रिक्षात घालून मामाकडं आला.

पण रविवार हा गुणाबाईचाही दिवस होता. आता सिंधु बारावीला होती, डॉक्टर व्हायचं म्हणून लातुरात क्लास लावून मुलींच्या होस्टेलात राहत होती. दर रविवारी क्लासची टेस्ट असायची. गुणाबाई नव्या वसवलेल्या गावातून नातीसाठी धपाटे आणि शेंगाची चटणी घेऊन सकाळच्या गाडीनं यायची आणि टेस्ट सुटेपर्यंत मोहीच्या घरी टेकायची. मोही तिला अव्वा म्हणायचा, विरूपाक्ष म्हणायचा तसं. तिच्यासमोर त्यानं कीबोर्ड कधी उघडला नव्हता. ती यायची म्हटलं की चादर टाकून ठेवायचा. लेकाचा ठेका त्याच्या आईला ऐकवायची त्याची छाती होत नव्हती. कोणत्या तोंडानं ऐकवणार? अजून एक फेरी म्हणणारं तोंड तेच होतं. आज मात्र इलाज नव्हता. ती बाहेरच्या खोलीत फरीदाबरोबर लसूण सोलत बसली आणि आत मामा-भाचे वायरी जोडायला लागले.

अजहरनं एक वायर कीबोर्डच्या मागं लावली, दुसरं टोक कम्प्युटरला. पडद्यावर कीबोर्डचं नाव आलं, आणि लगेच तेच नाव परत खाली आलं. एकापुढं एक, दुसऱ्यापुढं दोन.

"हे दोनदा काय म्हणून?" मोहीनं विचारलं.

"मामू, वायर एकच, पण आत दोन पोर्ट हायेत. दोन दारं समजा. कुठला माल कुठल्या दारातून पाठवायचं ते कीबोर्डात सेट असतंय. आपण पहिलं घेऊ, पहिलं म्हणजे मेन असणार." असं म्हणून त्यानं पहिलं निवडलं आणि सांगितलं, "वाजवा."

मोहीनं वाजवलं. उजव्या हातानं सूर, डाव्या हाताखाली विरूपाक्ष, नेहमीसारखं. अजहरनं थांबवलं आणि कम्प्युटरमध्ये भरलेलं ऐकवलं. नुसते सूर आले. ठेका नाही, साथ नाही, काही नाही. मोही आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला एकट्याला ऐकत होता. प्रत्येक समेपाशी त्याचा सूर रेंगाळत होता, तिथं कोणी नव्हतं, आणि सूर आपला पुढं जात होता. 

"येत नाही तो," मोही म्हणाला.

"कोण?"

 अजहर कीबोर्डाच्या छोट्या पडद्यावर बटनं दाबत बसला, आणि थोड्या वेळानं त्यानं मांडीवर थाप मारली. "हात्तेच्या! मामू, त्या नांदेडवाल्यानं आपल्या सोयीनं करून ठेवलंय. हातानं वाजवलेलं पहिल्या दारातून, ठेका दुसऱ्या दारातून. आता दुसरं घेतो." त्यानं दुसरं निवडलं. मोहीनं परत वाजवलं. या खेपेला सूर गायब आणि नुसता ठेका आला. विरूपाक्ष एकटा. रिकाम्या मांडवात कोणीतरी वाजवत बसल्यागत वाजत होता, आणि थांबायच्या जागी थांबत होता. मोहीला ते बघवेना म्हणावं की ऐकवेना, त्यानं डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा दारात गुणाबाई उभी होती. हातात लसणाची पाकळी तशीच.

"ह्ये कोन वाजवतंय?"

मोही उठून उभा राहिला. सांगायचं खूप होतं, पण बोलला एवढंच, "अव्वा, विरूपाक्षचा ठेका हाय. मी जपून ठेवलाय."

म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकलं. मान कलती करून, नीट, जसं बाजारात मडकं वाजवून बघतात. मग म्हणाली, "न्हाई रं बाबा. ह्यो माझा लेक न्हाई. ह्यो तू हायस."

"अव्वा, त्याचंच थांबणं हाय ते, समेचं..."

"थांबनं हाय. पर ते तुझं हाय. सोप्यात तो वाजवायचा आन् चुलीपाशी मी भाकरी थापायची. माझा हात त्याच्या हाताला बांधलेला. मला कळंना व्हय?" तिनं हे रागानं म्हटलं नाही, समजावून सांगावं तसं म्हटलं, आणि मोहीला ते फार लागलं. ज्याच्यासाठी दुपारमागून दुपार चादर काढली, ज्याच्यासाठी बायकोनं दुपट्टा पुढं ओढला, पाहुण्यांना सरकवलं, तिथं कोणी बसलेलंच नव्हतं? तो आपला आपल्याशीच वाजवत होता?

अजहर बिचारा अवघडला. काहीतरी करायचं म्हणून म्हणाला, "थांबा, दोन्ही दारं उघडतो, म्हणजे सगळं एकदम येईल, बरं वाटंल." त्यानं दोन्ही निवडली. त्या गडबडीत पडद्यावरची अजून एक खूण त्याच्याकडून चालू राहिली: जे येईल ते कम्प्युटरनं आपल्या स्पीकरमधूनही वाजवायचं. मोहीनं बसून डावा हात ठेवला. सवय हो, दुसरं काय.

कीबोर्डातून थाप पडली. आणि तिच्या मागून, पलीकडं टेबलावर, दुसरी.

 परत पडली. इकडं एक, आणि तिळभर मागून तिकडं एक. कीबोर्ड वाजवत होता आणि त्याच्या पाठोपाठ कोणीतरी, पहिल्याची थाप पडेपर्यंत थांबून, मग आपली टाकत होतं. मोहीनं घाबरून हात रेंगाळवला, साथ बदलायला उशीर केला. पलीकडचाही तेवढाच उशिरा बदलला. बाहेर फरीदाच्या हातातून ताटली पडल्याचा आवाज आला.

"ह्यो," गुणाबाई म्हणाली. तिनं दाराची चौकट धरली होती. "ह्यो मागून येतोय त्यो. ह्यो माझा."

"अव्वाजी, ते लफडं झालंय," अजहर घाईनं म्हणाला. "कम्प्युटर जुना हाय. आधी कीबोर्डचं ऐकून घेतो, मग वाजवतो. त्यात टाइम जातो म्हणून मागं पडून राहिला. आत्ता बंद करतो."

"हात लावू नको!" म्हातारी एवढ्या जोरात बोलली की अजहरनं हात मागं घेतला. मग ती खाली बसली, नेमकी मोहीच्या डाव्या बाजूला, आणि या खेपेला मोही सरका म्हणाला नाही. "आधी घेतंय, मग वाजवतंय म्हन. तसंच करायचा की तो. बघून वाजवायचा. त्याला ऐकू कुठं येत व्हतं?"

मोहीचा हात तसाच राहिला. दोन्ही ठेके चालू होते.

"कुनाच्या तरी लग्नात सुतळी बॉम्ब फुटला कानापाशी, तवा तो तुझ्याबरूबर नव्हता अजून. उजवा कान पुरता गेला, डावा निम्मा. मला शपथ घातली, अव्वा, कुणाला सांगू नको, भैऱ्या ढोलकीवाल्याला कोन घेतंय? मधला ठेका हाताला पाठ व्हता. पर पलटी, गानं दुसरीकडं वळायची जागा, कवा आली ते कळायचं न्हाई. म्हनून तुझ्या हाताकडं बघत बसायचा. तुझा हात पडला की ह्याची थाप. लोकं म्हनायची, थांबतो लई गोड. गोड कशाचं, लेकरू भ्यायचं माझं."

"अव्वा," मोही म्हणाला, आणि इतक्या वर्षांचं ते वाक्य अखेर बाहेर पडलं, "माझ्यामुळं दमला तो त्या दिवशी. अजून एक फेरी, अजून एक फेरी म्हनलो मी. म्हणून उठला न्हाई."

गुणाबाईनं त्याच्याकडं बघितलं. तिला खरंच कळलं नव्हतं, हा एवढी वर्षं काय उरावर घेऊन बसलाय ते. "कोन म्हनलं तुला? कुठल्या मुडद्यानं सांगितलं? दमला बिमला काय न्हाई, घरी आला तर हसत व्हता, मला ठेका धरून दाखवत व्हता चुलीपाशी." तिनं हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली. "जमीन गुरगुरली ना, सगळी उठली. भांडी वाजली, कुत्री वरडली. मी पोर उचलली आन् अंगनात. हाक मारली, विरूपा! विरूपा! चांगल्या कानावर झोपला व्हता तो. सून म्हनली, मी हलवून आनते, आन् आत गेली. तेवढंच."

 मोही रडत होता. हलका झाला म्हणून की विरूपाक्ष नव्यानं मेला म्हणून, हे त्याचं त्याला सांगता आलं नसतं. एवढी वर्षं त्याला वाटत होतं की विरूपाक्ष जिवाभावानं आपल्याकडं बघतो. तो तर एका हातावर जीव टांगून बसला होता, आणि आपण गंमत म्हणून तो हात रेंगाळवत होतो.

"मला सांगायचं व्हतं अव्वा. मी मोठ्यानं वाजवलं असतं. इशारा केला असता."

"केलास की. हात केलास. तेवढ्यावर किती वर्षं वाजवला त्यो," म्हातारी म्हणाली आणि पदरानं त्याचं तोंड पुसलं, सिंधुचं पुसावं तसं.

अजहरनं घसा खाकरला. त्याला आता काय करावं कळत नव्हतं, म्हणून त्यानं कामाचं विचारलं. कम्प्युटरमध्ये जे भरलं गेलं त्यात पहिलाच ठेका होता, मोहीनं बोटांनी भरलेला. मागून येणारा त्यात येत नव्हता. तो जोडणी असेपर्यंतच, आणि मोहीचा हात असेपर्यंतच. "हे ठेवू ना, मामू? नाव काय घालू? विरूपाक्ष?"

मोहीनं हो म्हणून मान हलवली, पण बोलली गुणाबाई. "ठेव. पोर डाक्टर झाली की ऐकंल, तिच्या बापासाठी कोन काय करत बसलं व्हतं ते. पर नाव त्याचं नको. ह्याचं घाल." अजहरनं मामाकडं बघितलं. मग त्यानं मोहियोद्दीन असं लिहिलं आणि ठेवून दिलं.

"झालं. आता काढतो वायर," अजहर म्हणाला.

"चहा हुईस्तोवर ऱ्हाऊ दे," गुणाबाई म्हणाली. "चहा झाला की काढ."

मोहीनं डोळे पुसले आणि डावा हात परत ठेवला. इकडं थाप पडली, तिकडं मागून पडली. म्हातारी भिंतीला टेकून ऐकत राहिली. स्वयंपाकघरात चहा उकळून वर यायला लागला होता. फरीदानं त्यात अजून दोन पेले पाणी ओतलं आणि गॅस बारीक केला.